माशी कुठे शिंकली

आमच्या आजीचं माश्यांशी वैर होतं. साधी घरमाशी स्वयंपाकघरात फिरली तर ती पदरानं हाकलायची, दोन शब्द बडबडायची आणि विसरून जायची. पण मोठी, हिरव्या-निळ्या चकचकीत अंगाची, घूं घूं करत येणारी माशी आत शिरली की आजी हातातलं काम टाकून उठायची. भांड्यांवर झाकणं पडायची, केरसुणी हातात यायची, आणि ती माशी मरेपर्यंत किंवा खिडकीबाहेर जाईपर्यंत कुणाला घास उचलायची परवानगी नसायची. सुट्टीत गेलेल्या आम्हा नातवंडांना तो खेळ वाटायचा. कोण आधी मारतो यावर पैजा लागायच्या. आजी मात्र हसायची नाही.

कारण आईनं फार उशिरा सांगितलं. धाकटी मावशी दोन वर्षांची असताना, १९५५ च्या श्रावणात, तिला ताप आला. तीन-चार दिवसांत ताप उतरला, पण डावा पाय उचलेना. सातारा जिल्ह्यातलं खेडं. पोलिओ हा शब्दसुद्धा घरात कुणाला माहीत नव्हता, लोक म्हणाले वारं गेलं. पाय पुढे वाळत गेला. तर त्या तापाच्या आठ-पंधरा दिवस आधी कधीतरी आजी परसात धुणं वाळत घालायला गेली होती आणि चुलीपाशी दुधाची वाटी उघडी राहिली होती. परत येऊन बघते तो वाटीच्या काठावर हिरवी माशी. आजीनं माशी उडवली आणि दूध न टाकता मुलीला पाजलं. दूध मोजकं असायचं. "टाकवलं नाही गं," एवढंच ती आईला म्हणाली होती. आजी १९९८ साली गेली. तोपर्यंत, म्हणजे त्रेचाळीस वर्षं, मावशीचा पाय त्या वाटीनं गेला असंच ती धरून चालली.

एखाद्या कामात विघ्न आलं की आपण म्हणतो, माशी कुठे शिंकली कुणास ठाऊक. आजीला ते ठाऊक होतं, निदान तिला तसं वाटायचं.

काही महिन्यांपूर्वी मावशीकडे गेलो होतो. मावशी आता सत्तरी ओलांडून गेली आहे. कॅलिपर, कुबडी, बँकेतली नोकरी, दोन मुलं, सगळं करून झालं आहे. जेवताना एक माशी आली, मी सवयीनं हात हलवला आणि विषय निघाला. मावशी म्हणाली, "तू एवढं वाचत असतोस, एकदा बघ ना, आई म्हणायची ते खरं होतं का?" तिनं सहज विचारलं. मला मात्र तो प्रश्न घरी येईपर्यंत सोडेना. मग वाचत गेलो. माशी आणि पोलिओ यांचा खटला चालला तो अमेरिकेत, आणि चांगली चाळीस वर्षं चालला. तेव्हा गोष्ट सांगायची तर तिकडे जावं लागेल.

आधी आरोपीची ओळख करून देतो. ज्या माशीच्या मागे आजी केरसुणी घेऊन धावायची तिला इंग्रजीत ब्लोफ्लाय म्हणतात. घरमाशीपेक्षा अंगानं मोठी, पाठीवर धातूसारखी चमक. आपल्याकडे सगळ्यांत जास्त दिसणारी जात म्हणजे क्रायसोमिया मेगासेफाला, हिचे डोळे विटकरी लाल आणि डोकं भलं मोठं. मेलेलं जनावर, मासळीबाजारातला कचरा, उघड्यावरची विष्ठा या तिच्या अंडी घालायच्या जागा. कुजल्याचा वास तिला फार लांबून येतो आणि त्यासाठी ती कित्येक किलोमीटर उडत जाते. पण तिला गोडही आवडतं. पिकलेला आंबा, गूळ, दूध. म्हणजे तिच्या दिवसाच्या फेरीत शौचकूपही असतो आणि स्वयंपाकघरही.

त्यात तिची खायची रीत आणखी अवघड. तिला दात नाहीत, चावता येत नाही. घट्ट पदार्थावर बसली की ती पोटातला थोडा रस ओकते, पदार्थ त्यात विरघळवते आणि मग स्पंजासारख्या तोंडानं शोषून घेते. आधीच्या मुक्कामी जे गिळलं त्यातलं काही त्या ओकारीत असू शकतं. पायांना चिकट केस असतात, ते वेगळेच. हे एकदा नीट वाचल्यावर मी दोन दिवस मिठाईच्या दुकानाकडे बघितलं नाही. असो.

माशी रोग पसरवते ही शंका जुनी आहे, पण तिला शास्त्राचा शिक्का मिळाला तो १८९८ साली. अमेरिकेनं त्या वर्षी स्पेनशी युद्ध पुकारलं आणि लाखाहून जास्त तरुण स्वयंसेवक अमेरिकेतल्याच छावण्यांमध्ये गोळा झाले. बहुतेकांनी शत्रूचं तोंडही पाहिलं नाही. छावण्यांत टायफॉइड पसरला. वीस हजारांवर रुग्ण आणि दीड हजाराच्या आसपास मृत्यू, लढाईत मेलेल्यांच्या कितीतरी पट. चौकशीला वॉल्टर रीड, व्हिक्टर व्हॉन आणि एडवर्ड शेक्सपिअर असे तीन डॉक्टर नेमले गेले. (हा रीड म्हणजे पुढे पीतज्वर आणि डास यांच्या संशोधनानं प्रसिद्ध झाला तोच.) त्यांना एक दृश्य दिसलं आणि ते पुढे पुस्तकापुस्तकांतून येत राहिलं. शौचाच्या चरांवर चुन्याची पूड टाकलेली होती, आणि शेजारच्या भोजनतंबूत शिपायांच्या अन्नावर चालणाऱ्या माश्यांचे पाय पांढरे होते.

या पुराव्यापुढे वकील काय बोलणार? पण त्याच आयोगानं शिपायांचे हात, कपडे, अंथरुणं, एका तंबूत झोपणारे सोबती यांनाही तितकंच जबाबदार धरलं होतं. लोकांच्या लक्षात राहिली ती माशी. पांढऱ्या पायांचं चित्र डोळ्यांसमोर उभं राहतं, सोबत्याच्या न धुतलेल्या हाताचं राहत नाही.

मग माशीविरुद्ध मोहीमच निघाली. १९०५ साली कॅन्सस राज्याचे आरोग्य अधिकारी सॅम्युएल क्रम्बाइन यांनी 'माशी मारा' ही घोषणा गाजवली. काठीला जाळीचा तुकडा लावून माश्या मारायचं साधन तेव्हाच लोकप्रिय झालं, आज आपल्याकडे प्लास्टिकचं मिळतं ते त्याच घराण्यातलं. १९११ साली एल. ओ. हॉवर्ड या कीटकतज्ज्ञानं घरमाशीवर अख्खं पुस्तक लिहिलं आणि तिचं नावच बदलून 'टायफॉइड माशी' ठेवावं असा आग्रह धरला. शाळेतली मुलं माश्या मारून आणायची आणि बक्षिसं मिळवायची. मराठीत 'माश्या मारणे' म्हणजे रिकामटेकडेपणा. तिकडे ते त्या काळात देशकार्य होतं.

आणि नेमक्या याच वर्षांत पोलिओच्या मोठ्या साथी सुरू झाल्या.

पोलिओ कुणालाच कळत नव्हता. इतर रोगांची काही ना काही चाल असते. घरात एकाला झाला की दुसऱ्याला होतो, एका विहिरीवरचे सगळे आजारी पडतात. पोलिओ एका गल्लीतल्या एका मुलाला धरायचा आणि पुढचा रुग्ण चार मैलांवर निघायचा, दोघांचा काही संबंध नाही. उन्हाळ्यात यायचा, थंडीत जायचा. उन्हाळ्यात येणारं, उडत जाणारं, न विचारता कुणाच्याही घरात शिरणारं असं दुसरं काय असतं? संशय माशीवर गेला यात नवल नाही. १९११ साली सायमन फ्लेक्सनर आणि क्लार्क यांनी प्रयोगशाळेत दाखवलं की पोलिओचा विषाणू माशीच्या अंगावर निदान दोन दिवस जिवंत राहतो. पुढच्याच वर्षी हार्वर्डच्या मिल्टन रोझेनॉ यांनी जाहीर केलं की गोठ्यातली चावरी माशी माकडांमाकडांत पोलिओ पसरवते. सरकारी शास्त्रज्ञांनी प्रयोग करून दुजोराही दिला. वर्षभरात पुन्हा प्रयोग केले तर काही जुळेना आणि दुजोरा मागे घ्यावा लागला. चावरी माशी सुटली. उरलेल्या माश्यांवरचा संशय तसाच राहिला.

१९१६ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क शहरात सुमारे नऊ हजार लोकांना पोलिओ झाला, त्यातली बहुतेक लहान मुलं, आणि दोन हजार चारशेच्या आसपास मेली. सुरुवात ब्रुकलिनमधल्या इटालियन वस्तीत झाली. आरोग्य खात्याची पावलं त्या वस्तीकडे वळली. रस्ते धुतले गेले, कचरा उचलला, मांजरं हजारोंनी मारली, घराघरांत तपासनीस गेले. माशी येते घाणीतून, घाण असते गरिबाच्या दारात, तेव्हा रोगाचा उगम गरिबाच्या दारात, असा तो हिशेब. इटलीहून नुकत्याच आलेल्या बायकांना इंग्रजी समजत नव्हतं. त्यांच्या मुलांना उचलून रुग्णालयात नेत होते आणि वर त्यांनाच सांगत होते की तुम्ही अन्न उघडं ठेवता.

गंमत अशी (गंमत कसली म्हणा) की साथ संपल्यावर आकडे मांडले तेव्हा लोकसंख्येच्या मानानं सर्वांत जास्त लागण निघाली ती विरळ वस्तीच्या, मोकळ्या हवेच्या स्टेटन आयलंडमध्ये. हे कोडं तेव्हा कुणाला सुटलं नाही.

मधली वीस वर्षं माशी पोलिओच्या चर्चेत मागे पडली. फ्लेक्सनर यांचं वजन मोठं होतं आणि त्यांचं ठाम मत होतं की विषाणू नाकातून शिरतो आणि थेट मज्जासंस्थेत जातो. ज्या जातीच्या माकडांवर ते प्रयोग करत होते त्यांना पोलिओ नाकातूनच व्हायचा, तोंडातून होत नसे. माणसाचं तसं नसतं, पण माणसावर प्रयोग करता येत नाही. या मतापायी १९३७ साली टोरोंटोमध्ये हजारो मुलांच्या नाकात झिंक सल्फेट फवारलं गेलं. पोलिओ थांबला नाही. काही मुलांची वास घ्यायची शक्ती मात्र कायमची गेली.

येल विद्यापीठात जॉन पॉल आणि जेम्स ट्रॅस्क हे दोन डॉक्टर वेगळ्या वाटेनं जात होते. हे लोक प्रयोगशाळेत बसून राहणारे नव्हते. साथीचं गाव कळलं की सामान उचलून तिथे जायचे, रुग्णांच्या घरात बसायचे. त्यांना रुग्णांच्या विष्ठेत विषाणू सापडला, नंतर शहराच्या सांडपाण्यातही सापडला. म्हणजे हा आतड्याचा रोग. आणि आतड्याचा रोग म्हटल्यावर ती जुनी पांढऱ्या पायांची माशी पुन्हा उडत आली.

१९४१ च्या उन्हाळ्यात पॉल-ट्रॅस्क यांनी कनेक्टिकट आणि अलाबामातल्या साथींच्या जागी माश्या पकडल्या. त्याच वर्षी अल्बर्ट सेबिन आणि रॉबर्ट वॉर्ड यांनी क्लीव्हलंड आणि अटलांटा इथे तेच केलं. हे सेबिन म्हणजे पुढे ज्यांच्या नावानं आपण पोलिओचे डोस पाजले ते. विषाणू दिसत नव्हता, काचेच्या नळीत सहज वाढवताही येत नव्हता. तेव्हा माश्यांचा खल करायचा, गाळायचा, माकडाला टोचायचा आणि माकड पांगळं होतं का याची वाट बघायची. माकडं पांगळी झाली. दोन्ही तुकड्यांनी स्वतंत्रपणे सिद्ध केलं की साथीच्या गावातल्या माश्यांमध्ये पोलिओचा जिवंत विषाणू असतो.

कुठल्या माश्या? हे त्यांनी पुढे जाती वेगळ्या करून पाहिलं. साधी घरमाशी मुख्य गुन्हेगार असेल असं सगळ्यांना वाटत होतं. पण विषाणू ज्या माश्यांत पुन्हा पुन्हा मिळाला त्या म्हणजे ब्लोफ्लाय, निळ्या-हिरव्या चकचकीत माश्या. त्याच विष्ठेवर जास्त असत आणि मोठं पोट असल्यानं पीतही जास्त. जोसेफ मेलनिक यांनी पुढे प्रयोगशाळेत दाखवलं की अशी माशी एकदा विषाणू प्यायली की तो तिच्या अंगात दिवसचे दिवस टिकतो आणि तिच्या विष्ठेतून बाहेर पडत राहतो.

हे वाचताना मला आजीची केरसुणी दिसली. सातारा जिल्ह्यातल्या निरक्षर बाईनं घरमाशीला सोडून नेमका याच माशीवर डूक धरला होता. तिला मेलनिक माहीत असण्याचं कारण नव्हतं. तिनं पाहिलेली माशी हिरवी होती, इतकंच.

पुढचा पुरावा तर तिच्याच वाटीचा. १९४४ साली उत्तर कॅरोलिनात पोलिओची साथ आली. येलची तुकडी तिथे गेली. वॉर्ड, मेलनिक आणि डोरोथी होर्स्टमन यांनी रुग्णांच्या घरी खायचे पदार्थ उघडे ठेवले, त्यांवर माश्या बसू दिल्या आणि मग ते पदार्थ चिंपांझींना खाऊ घातले. चिंपांझी पांगळे झाले नाहीत, पण त्यांना लागण झाली. त्यांच्या विष्ठेत विषाणू मिळाला. १९४५ साली हे छापून आलं. माशी उघड्या अन्नावर बसते, अन्न पोटात जातं, पोलिओची लागण होते. साखळीतला एकही दुवा आता तुटका नव्हता.

इथपर्यंत वाचून मी पुस्तक मिटवलं होतं. मावशीला फोन करून काय सांगायचं? आजी बरोबर होती, असं?

पण खटला इथे संपला नाही. महायुद्ध संपत होतं आणि नवं अस्त्र हाताशी आलं होतं, डीडीटी. माशीनं पोलिओ पसरत असेल तर माश्या संपवून पोलिओ थांबला पाहिजे, इतकी सरळ परीक्षा आता घेता येणार होती. ऑगस्ट १९४५ मध्ये इलिनॉय राज्यातल्या रॉकफर्ड शहरात साथ चालू असताना लष्कराच्या विमानातून डीडीटी फवारलं गेलं. खाली गल्ल्यांमधून माणसं हातपंप घेऊन फिरली. पॉल स्वतः या प्रयोगात होते. माश्या कमी झाल्या. साथीवर काही परिणाम दिसला नाही. ती आपल्या चालीनं चढली होती आणि आपल्या चालीनं उतरली. काहींचं म्हणणं पडलं की फवारणीला उशीर झाला. म्हणून पुढच्या वर्षांत आणखी गावांनी आधीपासून फवारणी केली. डीडीटीच्या धुरामागे पळणाऱ्या मुलांची छायाचित्रं आपण पाहिली आहेत, त्यातली बरीच याच भीतीच्या काळातली. आया मुलांना स्वतःहून त्या धुरात पाठवत होत्या. पोलिओच्या भीतीपुढे धुराची भीती कुणाला वाटणार?

खरं उत्तर मिळालं ते टेक्ससच्या दक्षिण टोकाला, मेक्सिकोच्या हद्दीवरच्या हिडाल्गो परगण्यात. हा भाग गरीब, उघडे शौचकूप, माश्या अमाप, आणि लहान मुलं जुलाबानं मरायची. १९४६ साली जेम्स वॉट आणि डेल लिंडसे यांनी इथल्या गावांचे दोन गट केले. एका गटात डीडीटी फवारून माश्या आटोक्यात ठेवल्या, दुसरा गट तसाच सोडला. माश्या कमी झालेल्या गावांत रक्ती आवेच्या जंतूंची, म्हणजे शिगेलाची लागण उतरली, जुलाब कमी झाले, तान्ह्या मुलांचे मृत्यू कमी झाले. मग त्यांनी गट उलटे केले. आता माश्या जिकडे वाढल्या तिकडे आव वाढली आणि दुसरीकडे उतरली. मला हा भाग फार आवडतो. आरोपीला दोनदा, दोन वेगळ्या गावांत, हातोहात पकडणं म्हणजे हे. आणि त्यातही बारकावा असा की साल्मोनेलाच्या लागणीत फरक पडला नाही. एकाच माशीच्या अंगावर दोन्ही जंतू असतात, पण एकासाठी तिची वाट महत्त्वाची, दुसऱ्यासाठी नाही. शिगेलाचे मोजके जंतू पोटात गेले तरी पुरतात, माशीच्या पायावर मावतील इतके.

१९४८ साली याच परगण्यात पोलिओ आला. माश्यांचा अभ्यास चालूच होता, पकडलेल्या माश्यांत पोलिओचा विषाणूही सापडला. पण रोग माश्यांच्या मागे गेला नाही. माश्या कमी केलेल्या गावांतही तो आला. आव माशीची वाट बघत होती, पोलिओ बघत नव्हता. दरम्यान खुद्द माश्यांनीच डीडीटीला दाद देणं सोडलं होतं. १९४७ पर्यंत इटली आणि स्वीडनमध्ये डीडीटी न मानणाऱ्या घरमाश्या सापडल्या होत्या, त्याच्या दुसऱ्या वर्षी त्या औषधाच्या शोधाबद्दल पॉल म्युलर यांना नोबेल मिळालं.

माशीच्या पोटात विषाणू, माशी बसलेल्या अन्नात विषाणू, तरी साथ माशीची नाही. हे कसं?

पोलिओचा हिशेबच वेगळा आहे. विषाणू शिरलेल्या सुमारे दोनशे मुलांमागे एखाद्याच मुलाला पांगळेपणा येतो. बाकीच्यांना काहीच होत नाही, किंवा किरकोळ ताप-घसा. पण ती सगळी मुलं आठवडेच्या आठवडे विष्ठेतून विषाणू टाकत असतात. म्हणजे गावात एक पाय लुळा पडलेला दिसला तर त्याच्यामागे दीडदोनशे धडधाकट मुलं विषाणू घेऊन अंगणात खेळत असतात, एकमेकांच्या तोंडात बोटं घालत असतात, भावंडांना कडेवर घेत असतात. इतके हात असताना माशीची गरजच काय? ती असते, तिच्यात विषाणूही असतो. पण भरून वाहणाऱ्या नदीत तिनं आणखी एक थेंब टाकला, इतकंच. त्या चार मैलांवरच्या दोन रुग्णांना जोडणारा दुवा उडत गेला नव्हता. तो बिनलक्षणाच्या मुलांमधून चालत गेला होता, आणि दिसला नव्हता.

स्टेटन आयलंडचं कोडंही इथेच सुटतं. दाटीच्या, घाणीच्या वस्तीत मूल तान्हं असतानाच, आईकडून आलेली प्रतिकारशक्ती अंगात शिल्लक असतानाच विषाणूला भेटून जातं आणि बहुधा निभावतं. स्वच्छ, मोकळ्या घरातलं मूल त्याला उशिरा भेटतं, तेव्हा पाठीशी काही नसतं. याचा उलटा अर्थ काढून बराच काळ असंही मानलं गेलं की भारतासारख्या देशात पोलिओचा फारसा त्रास नाही, आमच्या मुलांना जन्मतःच संरक्षण. पुढे शाळांतून आणि गावांतून लंगड्या मुलांची मोजणी झाली तेव्हा कळलं की पोलिओ इथे नेहमीच होता. फक्त साथ म्हणून गाजत नव्हता, कारण तो रोजचाच होता. मावशी त्या न मोजलेल्यांपैकी.

एक गोष्ट वाचताना खटकली ती इथेच सांगून टाकतो. १९५० साली ब्रिटनमध्ये आकडेवारीनं दाखवलं गेलं की पोलिओचा विषाणू अंगात असताना स्नायूत सुई टोचली तर त्याच हातापायाला लुळेपणा येण्याचा धोका वाढतो. मावशीला त्या तापात तालुक्याच्या गावी नेऊन इंजेक्शन दिलं होतं. कुठल्या पायात ते आता कुणालाच सांगता येत नाही, आणि देणाऱ्याला दोष द्यावा असंही नाही, तेव्हा सगळे तेच करत. पण आमच्या घरात त्या सुईवर कधी कुणी संशय घेतला नाही. सुईचे पैसे मोजले होते. माशी फुकटात आली होती.

आणि हेही खरं की १९५५ च्या एप्रिलमध्ये, मावशीच्या तापाच्या चार महिने आधी, अमेरिकेत जोनास सॉल्क यांची लस यशस्वी झाल्याचं जाहीर झालं, चर्चच्या घंटा वाजल्या. आपल्याकडे घराघरांतल्या मुलांना गोळा करून डोस पाजायची देशभरची मोहीम उभी राहिली १९९५ च्या डिसेंबरात. भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला, हावडा जिल्ह्यातली एक दोन वर्षांची मुलगी. मावशी पडली तेव्हा तीही दोन वर्षांची होती. हे सगळं लशीनं झालं. माश्या अजून आहेत.

त्या निर्दोष सुटल्या असं मात्र कुणी समजू नये. २००४ साली जपानमध्ये क्योटोजवळच्या कोंबड्यांच्या फार्मवर बर्ड फ्लू आला, तेव्हा आसपास पकडलेल्या ब्लोफ्लायमध्ये एच५एन१ विषाणू सापडला. त्यांनी तो पसरवला का, हा प्रश्न पुन्हा तोच, १९४१ चाच. आवेच्या बाबतीत मात्र निकाल पुन्हा पुन्हा तसाच लागला आहे. इस्राएलच्या लष्करी छावण्यांत १९८८-८९ मध्ये सापळे लावून माश्या घटवल्या तर शिगेलाचे रुग्ण तब्बल ८५ टक्क्यांनी घटले. पाकिस्तानातल्या खेड्यांत नव्वदच्या दशकात माश्यांवर फवारणी केली तर मुलांचे जुलाब २३ टक्क्यांनी कमी झाले. छावणी असो की खेडं, आवेला माशी लागते.

हे सगळं मी गेल्या रविवारी मावशीला सांगितलं. थोडक्यातच. चिंपांझी वगैरे वगळले. माशीत विषाणू असू शकत होता, त्या वाटीतही असू शकत होता, पण ती वाटी फेकून दिली असती तरी बहुधा हेच झालं असतं, कारण त्या पावसाळ्यात गल्लीतल्या कितीतरी मुलांच्या हातांवर तो असणार. तुझ्या थोरल्या भावाच्या हातावरही. मावशी ऐकत होती. म्हणाली, "आई असायला हवी होती रे."

मग थोड्या वेळानं तिनं विचारलं, "आणि जुलाबाचं काय म्हणालास? ते माशीनं होतं?"

होतं, म्हटलं. ते नक्की होतं.

तेव्हा तिनं सांगितलं. आजीला मावशीच्या आधी एक मुलगा झाला होता. वर्षाचा असताना, मृग लागल्यावर, रक्ती आवेनं चार दिवसांत गेला. घरात कुणी कधी विचारलं नाही कशानं, त्या दिवसांत मुलं जायचीच. आजीनंही त्याचं कारण शोधलं नव्हतं. त्याचं नाव काय ठेवलं होतं ते मावशीला माहीत नाही. आईला विचारलं, तर तिलाही नीट आठवत नाही.